पिवळ्या पट्ट्यापलीकडचा पाइप

मंगळवार, ३ सप्टेंबर

नवं काम गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच मान पुढे केली, हे इथे लिहायला हरकत नाही. आमच्या काचेच्या कारखान्यात दुसरी भट्टी उभी राहते आहे. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर पसरतात, आणि कथलाला हवा लागली की काचेवर डाग पडतात. म्हणून वरून सतत नायट्रोजन वायू सोडावा लागतो. तो टँकरनं येतो द्रवरूपात, उणे एकशे शहाण्णव अंशांवर. अंगणातल्या टाकीतून निघून तो ॲल्युमिनियमच्या उंच, पट्ट्यापट्ट्यांच्या खांबांतून फिरतो, हवेच्या उबेनं त्याचा वायू होतो आणि पाइपातून भट्टीकडे जातो. टाकीपासून नव्या भट्टीपर्यंत पाइप कुठल्या पोलादाचा घालायचा, हे मी ठरवायचं.

आईला सांगितलं तर म्हणाली, "पाइप तो पाइप. त्यात ठरवायचं काय?" तिच्याशी वाद घालण्यापेक्षा डायरी बरी.

गुरुवार, ५ सप्टेंबर

मोठ्या साहेबांबरोबर बैठक. त्यांना सगळं एका कागदावर हवं असतं, म्हणून मी एका कागदावर दिलं. साधं पोलाद उणे एकोणतीसपर्यंत भरवशाचं. त्याचाच थंडीसाठी केलेला भाऊ उणे पंचेचाळीसपर्यंत. थोडं निकेल घातलं की उणे शंभरपर्यंत जाता येतं. त्याखाली द्रव नायट्रोजनपर्यंत जायचं तर स्टेनलेस. खांबांच्या आधी स्टेनलेसच लागणार, तिथे वादच नाही. वाद खांबांच्या नंतरचा. तिथे वायू कोमट होऊन येतो. यायला हवा.

मी म्हटलं, भट्टीपर्यंत सगळाच स्टेनलेस घालू. साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की समजावं, नाही म्हणणार आहेत. स्टेनलेस यायला वसंत उजाडेल, आणि भट्टी डिसेंबरात पेटवायची ठरली आहे. साधा पाइप आवारात पडून आहे, हवा तितका.

माझे पहिले गुरू म्हणायचे, पाइपात काय यायला हवं ते विचारू नकोस, काय येऊ शकतं ते विचार. खांबांवर बर्फ साचला की हवेची ऊब आत पोचत नाही आणि थंड वायू पुढे सरकतो. बर्फ फारच साचला तर वायू कसला, द्रवच पुढे जातो. हे येऊ शकतं. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग ते येणार नाही अशी सोय कर ना."

गुरुवार, १९ सप्टेंबर

धाकट्या भावाला प्रयोगशाळेत घेऊन गेले होते. घरात त्याला ढब्या म्हणतात. लहानपणी गोलमटोल होता, आता काठीसारखा झालाय, पण नाव काही सुटलं नाही. नायट्रोजनच्या अंगणात ऑपरेटर आहे. नोकरीला मीच लावला. वायूवर काम करतो तर पोलाद थंडीत कसं तुटतं ते एकदा बघून ठेव, म्हटलं.

बोटाएवढे दोन तुकडे, मध्ये खाच पाडलेली. एक नुसता, एक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढलेला. वरून जड हातोडा झोका घेत येतो आणि तुकड्यावर आदळतो. नुसत्या तुकड्याला त्यानं फाडलं, पण कष्टानं, कडा ओढल्यासारख्या झाल्या. थंड तुकड्यातून हातोडा असा गेला की जणू मध्ये काही नव्हतंच. तुटलेली बाजू सपाट, चमचमती. ढब्यानं दोन्ही अर्धे एकमेकांना लावून बघितले, चीरही दिसेना इतके चपखल बसले.

"हे आपलंच पोलाद?" त्यानं विचारलं.

"तेच. फक्त गारठलेलं."

तुकडे खिशात घालून घरी आणले बेट्यानं. आईच्या देवघरासारख्या नीटनेटक्या कपाटावर ठेवले म्हणून बोलणी खाल्ली.

शनिवार, १२ ऑक्टोबर

ठरलं. सही केली.

खांबांच्या पुढे एक तापमान मोजणारा सेन्सर. वायू उणे वीसच्या खाली गेला की झडप आपोआप बंद. झडपेच्या पुढे थोडा स्टेनलेस, मग साधा पाइप. जिथे पोलाद बदलतं तिथे पिवळा पट्टा रंगवायला सांगितला, म्हणजे पुढच्या पिढीला कळेल की इथून पुढे जपून. झडप नीट चालते का हे दर महिन्याला तपासावं लागणार, आणि तपासताना भट्टीचा वायू तुटला तर काच खराब. म्हणून पॅनलवर एक चावी दिली. ती फिरवली की सेन्सर ओरडतो पण झडप मिटत नाही. फिरवलेली राहू नये म्हणून वर नारिंगी दिवा. मला या चावीचं कौतुक वाटतं. साहेबही म्हणाले, विचार करून केलंय.

तरी जेवताना तेच डोक्यात होतं. नियमात बसतं. सगळं नियमात बसतं. पण झडप हलणारी वस्तू, आणि पोलाद हलत नाही. मी न हलणारी वस्तू सोडून हलणारीवर विसंबले. हे साहेबांना म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, मग विमानात कशी बसतेस?

सोमवार, २ डिसेंबर

भट्टी पेटली. अंगणात पेढे वाटावेत तसे सगळे एकमेकांचे हात हातात घेत होते. अंगणातले सर्वांत जुने ऑपरेटर म्हणजे नाना. ढब्या त्यांच्याच हाताखाली शिकला. नाना पिवळ्या पट्ट्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, हा पट्टा माझ्या रिटायरमेंटपर्यंत टिकेल ना?" म्हटलं, तुमच्या नातवाच्या रिटायरमेंटपर्यंत टिकेल.

रविवार, १५ डिसेंबर

आज तिघंही घरी, सुट्टी. जेवताना ढब्या कुरकुरत होता. सकाळी गारठा, खांबांवर बर्फ, त्यात दुसरी भट्टी भस्म्या झाल्यासारखी वायू ओढते. उणे वीस झालं की झडप बंद, काचेवर डाग, आणि भट्टीवाले साहेब फोनवरून आईबहिणीचा उद्धार करतात.

"आणि बहीण तर तूच," तो म्हणाला. आई हसून हसून ठसकली.

मग म्हणाला, "ताई, पण वीसच का गं? पाइप तर एकोणतीसपर्यंत चालतो म्हणालीस."

मी टेबलावर पाण्याचं भांडं आणि मिठाची बाटली मांडून दाखवलं. हे वीस, हे एकोणतीस, मधली जागा म्हणजे मार्जिन. "आम्ही इंजिनियर म्हणजे भित्रट जमात. एकोणतीसला काही होत नाही, म्हणून वीसलाच थांबायचं."

"म्हणजे मध्ये काहीच होत नाही?"

"काही नाही. पाइप हूं की चूं करायचा नाही."

तो मान हलवत भांड्याकडे बघत राहिला. त्याला शिकवायला मला आवडतं. शाळेत असतानाही गणितं माझ्याकडूनच समजून घ्यायचा, बाबांकडून नाही.

बुधवार, ८ जानेवारी

भट्टीवाल्या साहेबांनी भर बैठकीत माझी हजेरी घेतली. या महिन्यात किती वेळा वायू तुटला याचा पाढा वाचला. मी म्हटलं, खांब कमी पडताहेत, आणखी दोन लावा. मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. उन्हाळ्यानंतर बघू. मी म्हटलं, मग तोवर खांबांवर पाणी मारा, बर्फ उतरेल. तेवढं मान्य झालं. बाहेर पडताना भट्टीवाले साहेब म्हणाले, "तुमचा सेन्सर फार नाजूक आहे हो बाई." मला राग आला. सेन्सर नाजूकच असावा लागतो, नाहीतर थर्मामीटरऐवजी काठी लावली असती.

रविवार, १२ जानेवारी

ढब्या खुशीत. चार दिवस झाले, झडप एकदाही बंद झाली नाही. म्हटलं, बघ, पाणी मारायची युक्ती लागू पडली! तो म्हणाला, "हो, पडली."

मग चहा पिता पिता विचारतो, "ताई, सेन्सर वायूचं तापमान दाखवतो ना? पाइपाचं नाही?"

किती नेमका प्रश्न! मी सगळं सांगितलं. पोलाद जाड असतं, वायू गार झाला म्हणून पाइप लगेच तितका गार होत नाही, त्याला वेळ लागतो.

"म्हणजे थोडा वेळ खाली गेला तरी?"

"थोडा वेळ गेला तर पाइपाला पत्ताही लागत नाही."

आईला म्हटलं, याला पुढे शिकवायला हवं होतं. आई म्हणाली, "आता शिकव की. कोण अडवतंय?"

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी अंगणातून आडवाटेनं बैठकीला गेले. कडाक्याची थंडी. गाड्यांच्या काचासुद्धा पांढऱ्या. नव्या पाइपावर हिमाचा थर, पिवळा पट्टा जेमतेम दिसत होता आणि थर पट्ट्याच्या बराच पुढे गेला होता. शेजारच्या पाण्याच्या पाइपावर इतका नव्हता. वायू गारच असतो, आणि अशा दिवशी काय पांढरं नसतं? थांबून बघायला हवं होतं, पण उशीर झाला होता.

केबिनमध्ये डोकावले. ढब्या फोनवर, "सोडतोय साहेब, सोडतोय" असं म्हणत होता. नाना हातमोजे घालत होते. पॅनलवर एका दिव्याला नानांची लोकरी टोपी अडकवलेली. म्हटलं, नाना, कंपनीनं खुंटीसुद्धा दिली नाही का तुम्हाला? नाना हसले, पण नेहमीसारखे नाही. म्हणाले, "डोळ्यांवर येतो हो तो, ताई." वय झालं त्यांचं. या वर्षी सुटतील.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पाइप फुटला. नाना गेले. ढब्या हॉस्पिटलमध्ये आहे, जिवंत आहे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ढब्याच्या उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली. अंगठा वाचला.

जे झालं ते त्याच्याच तोंडून तुटक तुटक कळलं. सकाळची पाळी. खांबांवर बर्फाचे डोंगर. नाना खांबांच्या दुसऱ्या रांगेची झडप उघडायला बाहेर गेले. ढब्याला आवाज आला, तो म्हणतो काच फुटल्यासारखा, फक्त खूप मोठा. बाहेर सगळं पांढरं. तो धावला, टाकीची मुख्य झडप नुसत्या हातांनी बंद केली आणि हात तिथेच चिकटला. पांढरं विरलं तेव्हा नाना पिवळ्या पट्ट्याच्या पुढे पडलेले दिसले. पाइपाचा तुकडा लागला होता. लगेच गेले असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी तेवढं तरी बरं सांगितलं.

ढब्या बँडेजच्या गोळ्याकडे बघून म्हणाला, "आता खरा ढब्या दिसतोय ना?" मी बाहेर जाऊन रडले.

रविवार, ९ फेब्रुवारी

फुटलेला पाइप बघायला बोलावलं. जाताना मनात एकच प्रार्थना होती, पोलाद भेसळीचं निघू दे. पोलाद कारखान्याची चूक निघू दे. कुणाही अनोळखी माणसाची निघू दे.

तुटलेली कड सपाट, चमचमती. प्रयोगशाळेतल्या त्या गारठलेल्या तुकड्यासारखी. कडेवर बाणासारख्या रेषा असतात, त्या जिथून चीर सुरू झाली तिकडे बोट दाखवतात. त्यांच्या मागे मागे गेले. पिवळ्या पट्ट्यानंतरच्या पहिल्याच वळणाच्या वेल्डच्या सांध्यापाशी येऊन थांबल्या. माझ्याच हद्दीत. नमुना तपासला, पोलाद उत्तम आहे. नियमाबरहुकूम. ते उणे शंभराच्याही खाली गेलं होतं, बस्स.

मग झडप का मिटली नाही? हे मी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं. मोठे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, पॅनलवरची चावी फिरवलेली सापडली. दिव्यावर टोपी होती.

मी इतकी वर्षं रेषा वाचत आले, आणि टोपी मला वाचता आली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ढब्याला घरी आणलं. विचारलं. त्यानं लपवलं नाही. जानेवारीपासून सकाळच्या वेळी चावी फिरवायचे. आधी सेन्सरवर नजर ठेवून, अठ्ठावीसला स्वतः वायू कमी करायचे. मग भट्टीवाले साहेब ओरडले की थोडा वेळ खाली जाऊ द्यायचे. मग तो थोडा वेळ वाढत गेला. पाइपाला काही झालं नाही, रोज काही झालं नाही. नाना आधी तयार नव्हते. ढब्यानंच त्यांना पटवलं.

आई म्हणाली, "चौकशी समितीपुढे नानांचं नाव सांग. ते गेले बिचारे. आता त्यांना काय होणार आहे?"

ढब्या म्हणाला, "आई, गप्प बस."

आई गप्प बसली नाही. आई कधीच बसत नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मग हिचं सांग. हीच म्हणाली होती ना तेव्हा, मध्ये काही होत नाही म्हणून? भांडं आणि बाटली मांडून?" रागाच्या भरात, मागचापुढचा विचार न करता म्हणाली. मग माझा चेहरा बघून स्वयंपाकघरात गेली.

ढब्या खाली बघत होता. मी म्हटलं, "नानांना काय सांगून पटवलंस?"

तो म्हणाला, "जाऊ दे ना ताई."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, ताई म्हणते काही होत नाही. तिनंच बांधलाय म्हटलं. मग ते काही बोलले नाहीत."

सोमवार, १७ फेब्रुवारी

समिती. लांब टेबल, बाहेरून आलेले तिघं, मोठे साहेब, भट्टीवाले साहेब, मी. ढब्याला खुर्ची दिली. चावी कुणी फिरवली? मी. कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्याच नाही, माझ्या मनानं. नानांना माहीत होतं? त्यांना माहीत नव्हतं. भट्टीवाल्या साहेबांचा दबाव होता? त्यावर त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब कागद चाळत होते. तो म्हणाला, फोन यायचे. फोन तर सगळ्यांनाच येतात.

मी उभी राहिले. म्हटलं, याला मी सांगितलं होतं की एकोणतीसपर्यंत काही होत नाही. पाइप उशिरा गार होतो हेही मीच सांगितलं.

अध्यक्षांनी विचारलं, "लेखी?"

"घरी. जेवताना."

ते म्हणाले, बाई, तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो. आणि लिहिणाऱ्याला खूण केली की हे नको. ढब्या माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्याच हातावर पाय दिलाय.

परत येताना गाडीत म्हणाला, "तुला मी बाहेर ठेवलं होतं. तुला कोण बोलायला सांगितलं होतं?"

बुधवार, १९ फेब्रुवारी

नानांच्या घरी गेले. मन होत नव्हतं, पण गेले. काकूंनी पाणी दिलं. नानांची लोकरी टोपी कंपनीनं परत पाठवली होती, काकूंनी ती धुऊन वाळत घातली होती. म्हणाल्या, "तुमचं नाव फार घ्यायचे. आमच्या ताईंनी बांधलंय म्हणायचे." मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं, चावीचं, टोपीचं आणि माझ्या त्या 'काही होत नाही'चं. त्यांना सगळं कळलं की नाही, कळत नाही. म्हणाल्या, "म्हणजे हे जपून चाललेलं नाही, हे त्यांना माहीत होतं?"

"हो."

"मग मला बोलले का नाहीत?" आणि मग त्या पहिल्यांदा रडल्या. मला जा म्हणाल्या. गेले.

सोमवार, ३ मार्च

अहवाल आला. आराखडा नियमानुसार. पोलादाची निवड नियमानुसार. सुरक्षेची सोय पुरेशी, ती ऑपरेटरनं निकामी केली. ढब्याची नोकरी गेली, खटला होणार. भट्टीवाल्या साहेबांना समज दिली म्हणे. मोठ्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, तुझ्यावर शिंतोडाही नाही. चष्मा काढला नाही, म्हणजे मनापासून बोलत होते.

मग म्हणाले, नवा पाइप. सगळा स्टेनलेस, टाकीपासून भट्टीपर्यंत, कितीही वेळ लागो. खांबही वाढवू. भट्टी तोवर थांबेल.

भट्टी थांबू शकत होती तर. मी तिथेच मागणीपत्र भरून सही केली. चहा गार व्हायच्या आत झालं.

रविवार, ९ मार्च

तिघंही घरी. ढब्या डाव्या हातानं जेवायला शिकतोय. चमचा तोंडापर्यंत जातो, पण वाटेत सांडतो. आईनं टेबलावर जुना कपडा अंथरला होता आणि न बघितल्यासारखं करत होती.

समितीनंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. आज मधूनच म्हणाला, "ताई, एक विचारू?"

"विचार."

"तू ते मार्जिन ठेवलं होतंस ना, वीस ते एकोणतीस. ते कशासाठी असतं गं?"

मला वाटलं, इतकं होऊनही याला हेच कळलं नाही. सांगायला लागले. सेन्सर चुकू शकतो, कुणाला उशीर होऊ शकतो, कुणी घाईत असतं, कुणी घाबरलेलं असतं, माणसाच्या हातून चूक होते, त्या चुकीला जागा हवी म्हणून.

"म्हणजे आमच्यासाठी?" तो म्हणाला.

"तुमच्यासाठीच. आणखी कुणासाठी?"

"मला वाटलं, पाइपासाठी." त्यानं चमचा खाली ठेवला. "तू म्हणालीस, तुम्ही भित्रट जमात म्हणून. मला वाटलं, उगाचच ठेवलंय. आमच्यासाठी आहे असं तेव्हा का नाही म्हणालीस?"

टेबलावर पाण्याचं भांडं होतं, मिठाची बाटली होती. आईनं उठून बाटली कपाटात ठेवली आणि त्याच्या ताटातले भाजीचे तुकडे आणखी लहान करून दिले.